गेटसमोर नाही, गेटशेजारी

पुण्यात राहून पाट्यांबद्दल लिहू नये, कारण त्यावर लिहायचं काही कुणी शिल्लक ठेवलेलं नाही. तरी सुरुवात पाटीपासूनच करते. कोथरूडमधल्या आमच्या गल्लीत चौदा गेटं आहेत. त्यांतल्या अकरा गेटांवर 'गेटसमोर गाडी लावू नये' या अर्थाची पाटी आहे. कुणी 'कृपया' म्हणतं, कुणी चाकातली हवा सोडण्याची धमकी देतं, एकाने तर आधी 'कृपया' म्हणून मग हवा सोडण्याची धमकी दिलेली आहे. चार पाट्यांवर 'लावू'च्या जागी 'लाऊ' आहे. चौतीस वर्षं लाल शाईचं पेन वापरलेल्या बाईला ते रोज दिसतं आणि रोज हात शिवशिवतो. असो.

तर या पाट्यांचा परिणाम होतो बरं का. गेटसमोर सहसा कुणी गाडी लावत नाही. लावतात ती गेटच्या अगदी कडेला, खांबाच्या रेषेत बंपर येईल अशी. उजवीकडे एक, डावीकडे एक. म्हणजे गाडी बाहेर काढायला वाट मोकळी, पण बाहेर कोण येतंय ते बघायला फट नाही. पाटी अक्षरशः पाळली गेली, त्यामुळे लावणाऱ्यालाही बोलता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की गेटसमोरची जागा मोकळी ठेवतो तशी गेटच्या दोन्ही बाजूंची थोडी जागाही मोकळी राहिली पाहिजे, आणि तसा नियम रस्त्यावर रंगवलेला दिसला पाहिजे. हे मला काही बसून विचार करून सुचलेलं नाही. एका मोडलेल्या मनगटामुळे सुचलं.

२०२५ च्या जूनमधली गोष्ट. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, त्यामुळे सकाळी गल्लीत रिक्षा, व्हॅन, सायकली यांची झुंबड. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी वारज्याहून स्कूटीवर येतात. आमच्या गल्लीत त्यांची पाच घरं. पावणेआठला पहिलं घर आमचं, आणि घड्याळ लावावं अशी त्यांची वेळ. त्या दिवशी त्या गेटपाशी पोचल्या आणि त्याच क्षणी आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी तिची गाडी बाहेर काढत होती. गाडीचं नाक स्कूटीला लागलं. जोरात नाही, ढकलल्यासारखं. पण स्कूटी आडवी झाली आणि मावशींनी पडताना उजवा हात टेकला.

मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. पोळ्या लाटणाऱ्या बाईचं उजवं मनगट म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

ती मुलगी काही बेफाम गाडी चालवणारी नाही. तिची आई माझी विद्यार्थिनी, आणि आईसारखीच लेकही जपून वागणारी. हिंजवडीला नोकरीला जाते. ती त्या दिवशी गेटच्या पायरीवर बसून रडत होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आजी, मला खरंच काही दिसलं नाही हो." मला तेव्हा तिचा थोडा रागच आला होता. दिसलं नाही म्हणजे काय? दिसत नाही तर थांबायचं. जमलेली मंडळीही तेच म्हणत होती. कुणी म्हणालं, हल्लीची मुलं गाडी चालवताना फोनवर असतात. (ती नव्हती. फोन मागच्या सीटवर पिशवीत होता.) कुणी म्हणालं, या बायका स्कूटी जोरातच चालवतात. (मावशींची स्कूटी एवढी जुनी आहे की तिला जोर हा शब्द लागू पडत नाही.) दोन्ही पक्ष झाले, आणि सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवस बंपरच्या रंगाच्या खर्चावर चर्चा झाली. मनगटाची चर्चा पहिल्या दिवशी संध्याकाळी संपली होती.

पाच घरांपैकी आम्ही आणि आणखी एका घराने मावशींचा पगार चालू ठेवला. मुलीच्या आईवडिलांनी दवाखान्याचं बिल दिलं. बाकी तीन घरांनी महिन्याभरासाठी दुसरी बाई बघितली, त्यांतल्या एका घरात ती दुसरीच कायम झाली. म्हणजे 'ढकलल्यासारखं' लागलं त्यातून एक घर कायमचं गेलं.

आता माझं त्या गाडीत जाऊन बसणं. मी आयुष्यात गाडी चालवलेली नाही. सायकल चालवली, लूना चालवली, पण चार चाकांचं स्टिअरिंग कधी हातात घेतलं नाही. अपघातानंतरच्या रविवारी ती मुलगी गाडी धुवत होती, तिला म्हटलं, तुला काय दिसलं नाही ते मला दाखव. तिने गाडी गेटमध्ये आणून उभी केली, इंजिन बंद केलं आणि मला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी!

बसल्यावर पहिली गोष्ट काय लक्षात आली, तर आपण गाडीच्या फार मागे बसलेलो असतो. बाहेरून बघताना गाडी म्हणजे एक वस्तू वाटते. आत बसल्यावर कळतं की गाडीचं नाक कुठल्या कुठे पुढे आहे आणि डोळे पोटात आहेत. बैलगाडीसारखंच ते. लहानपणी मामाच्या गावी बैलगाडीत बसून गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागताना आधी बैल रस्त्यावर जायचे, मग जू, मग आम्ही. मामा म्हणूनच आधी उतरून पुढे जाऊन बघून यायचा. इथे मामा नाही.

दुसरी गोष्ट, उजवीकडे मान वळवली तर रस्ता नाहीच. रस्त्याच्या जागी एक चंदेरी दार, एक काच आणि काचेच्या आत उन्हासाठी लावलेलं जाळीचं कापड. गाडी नाकासकट रस्त्यात घातल्याशिवाय उजवीकडचं काही दिसणं शक्यच नाही. मुलगी थांबली नव्हती असं नाही. ती थांबून थांबूनच पुढे येत होती. पण जिथपर्यंत आल्यावर दिसायला लागतं तिथपर्यंत येणं हाच अपघात होता.

आणि ते चंदेरी दार आमच्या गाडीचं होतं.

नातेवाईक मंडळी त्या गाडीला ओळखतात. २००८ साली घेतलेली. तिच्यातून गणपतीपुळे झालं, कोल्हापूर झालं, भाचीच्या लग्नाला नाशिकला नऊ माणसं आणि रुखवताचा रवंट्या-पाट्यासकटचा संसार गेला. इमारतीखाली सहाच गाड्यांची जागा, बिऱ्हाडं सोळा. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा आमची चिठ्ठी निघाली नाही. म्हणून ह्यांनी गेटच्या उजव्या खांबाशेजारची जागा धरली आणि गेली कित्येक वर्षं ती सोडली नाही. खिडकीतून गाडी दिसते, सावली असते, शिवाय वॉचमनची नजर. २०२३ मध्ये पंधरा वर्षं पुरी झाल्यावर आरटीओत खेटे घालून पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी करून घेतली. हल्ली गाडी महिन्यातून दोनदा निघते. एकदा डॉक्टरांकडे आणि एकदा बॅटरी उतरू नये म्हणून.

तेव्हा यापुढे मी जे लिहिणार आहे ते आमच्या गाडीला धरूनच समजा.

माझा विषय मराठी आणि इतिहास. आकडेमोड माझी नाही. पण नातू दहावीत आहे आणि त्याला समरूप त्रिकोण शिकवलेले आहेत. त्याला म्हटलं, तुझ्या भूमितीचा एकदा उपयोग करून दाखव. खडू, शिवणाची टेप आणि वरच्या मजल्यावरची ती गाडी घेऊन आम्ही तासभर उद्योग केला. गल्लीतल्या लोकांची करमणूक झाली. एकाने विचारलं, "बाई, निवृत्तीनंतर क्रिकेटचं पिच आखताय का?"

मापं अशी निघाली. बंपरपासून ड्रायव्हरच्या डोळ्यांपर्यंत जवळजवळ दोन मीटर. म्हणजे गाडीचं नाक, लावलेल्या गाड्यांच्या बाहेरच्या कडेला टेकलं, तरी डोळे दोन मीटर मागे. स्कूटीवाला त्या कडेपासून अंदाजे एक मीटर अंतर ठेवून येतो असं धरलं आणि तशी खडूची रेघ ओढली. नातू त्या रेघेवरून उजवीकडून चालत येणार आणि मी आतून 'दिसलास' म्हणणार. आमची गाडी जागेवर असताना मी 'दिसलास' म्हटलं तेव्हा तो माझ्यापासून आडव्या अंतराने दोन मीटरवर होता. दोन मीटर! खिडकीतून हात बाहेर काढला असता तर जवळजवळ त्याच्या शर्टाला लागला असता. मग ह्यांना विनंती करून गाडी पाच मीटर मागे घ्यायला लावली. (विनंती दोनदा करावी लागली.) या वेळी नातू साडेनऊ मीटरवर दिसला.

नातवाने वहीत त्रिकोण काढून सांगितलं, की आपल्या गेटच्या मापाने कडेची एक मीटर जागा मोकळी केली की नजर दीड मीटर लांब जाते. बाकीचा हिशेब साधा आहे. ताशी वीस किलोमीटरने येणारी स्कूटी सेकंदाला साडेपाच मीटर पुढे सरकते. दोन मीटर म्हणजे अर्धा सेकंदही नाही. माणूस 'अरे' म्हणेपर्यंत संपतो. साडेनऊ मीटर म्हणजे पावणेदोन सेकंद. यात पाय ब्रेकवर जातो. ताशी तीसने येणाऱ्याला एवढंही पुरणार नाही, हे खरं आहे. पण तोवर दोघांनी एकमेकांना पाहिलेलं तरी असतं, आणि गाडीवाला तर आधीच गोगलगाईच्या गतीने येत असतो, तो जागच्या जागी थांबू शकतो.

डावी बाजू तेवढी वाईट नाही. आपल्याकडे रहदारी डावीकडून चालते, म्हणून गेटबाहेर पडताना अगदी अंगाला लागून येणारी वाहनं उजवीकडून येतात आणि डावीकडून येणारी रस्त्याच्या पलीकडच्या अर्ध्यातून. लांबचं तिरकं आधी दिसतं. म्हणून उजवीकडे पाच मीटर सोडले तर डावीकडे तीन चालतील, असं माझं मत झालं. उलट्या बाजूने येणाऱ्या पुणेकरांचा हिशेब यात धरलेला नाही, तो धरायचा तर गेटच बंद करावं लागेल.

नियम काय सांगतो तेही पाहिलं. गाड्या कशा आणि कुठे लावू नयेत याचे १९८९ साली केंद्र सरकारने केलेले नियम होते, त्यांच्या जागी २०१७ मध्ये नवे आले. दोन्हींमध्ये जागेच्या प्रवेशद्वारापुढे गाडी लावून वाट अडवू नये, असं आहे. चौकाला मात्र नव्या नियमांत अंतर दिलंय, अलीकडे पलीकडे पन्नास मीटर. पन्नास मीटर आपल्याकडे कोण पाळतं हा वेगळा विषय, पण निदान कागदावर मान्य केलंय की कोपऱ्यावर उभी गाडी वाट अडवत नसली तरी नजर अडवते. आमच्या गेटाच्या बाबतीत नियम आणि पाटी दोन्ही 'समोर'पाशी थांबतात. वास्तविक गेट म्हणजे छोटा चौकच की. सोळा बिऱ्हाडांचं गेट, त्यातून सकाळी दीड तासात पंचवीस-तीस वाहनं बाहेर पडतात. गल्लीतल्या एका बंगल्याच्या जागी नवी इमारत उभी राहते आहे, तिथे चार बिऱ्हाडं होती तिथे बत्तीस येणार. गेट एकच.

भाची कॅलिफोर्नियात असते. तिला फोनवर हे पुराण लावलं तर ती म्हणाली, मावशी, आमच्याकडे नेमका हाच कायदा आलाय. रस्ता ओलांडायच्या जागेच्या अलीकडे, वाहनं येतात त्या बाजूला, वीस फुटांत गाडी लावायची नाही. पट्टे रंगवलेले असोत नसोत. १ जानेवारी २०२५ पासून दंडसुद्धा होतो. त्याला तिकडे 'डेलायटिंग' म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे उजेड पाडणं. ती हसली, कारण लहानपणी तिच्या प्रगतिपुस्तकाकडे बघून मी 'काय उजेड पाडलास' हे वाक्य बऱ्याचदा म्हटलेलं आहे. तो कायदा पायी चालणाऱ्यांसाठी आहे, गेटांसाठी नाही. पण वीस फूट म्हणजे सहा मीटर. माझ्या नातवाच्या खडूच्या खुणेच्या फार लांब नाही.

मग मी हा विषय सोसायटीच्या बैठकीत मांडला. तिथे काय झालं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण विरोध करणारे सगळेच काही आडमुठे नव्हते.

पहिली सूचना आरशाची. गेटसमोरच्या खांबावर तो मोठा गोल फुगीर आरसा लावू, हजार-दोन हजारात काम होतं. आम्ही तो पूर्वी लावला होता. फुगीर आरशात वस्तू लहान दिसते आणि लहान दिसली की लांब वाटते. स्कूटी अंगावर आलेली असली तरी आरशात ती कोपऱ्यावर असते. पावसात काही दिसत नाही, रात्री दिव्यांची तिरीप डोळ्यांत जाते. शेवटी एका टेंपोने तो फिरवून टाकला आणि वर्षभर आम्हाला त्यात समोरच्या इमारतीचा दुसरा मजला दिसत होता. आरसा वाईट नाही, पण तो चष्म्यासारखा आहे. डोळ्यासमोर हात धरून चष्मा लावण्यात काय अर्थ?

दुसरी सूचना वॉचमनने बाहेर उभं राहून शिटी वाजवावी ही. आमचे जुने वॉचमन तसं करायचे. कुणाची गाडी केव्हा निघते हे त्यांना पाठ होतं. आताच्या मुलाने गेट उघडायचं, येणाऱ्यांची फोनवर नोंद करायची, पाण्याचा पंप बघायचा आणि पार्सलं घ्यायची. सकाळच्या दीड तासात तो रस्त्यावर उभा राहिला तर उत्तम, मी त्याच्या विरोधात नाही. पण बारा तासांच्या पगारात आपण माणसाकडून किती डोळे विकत घेणार, याचाही विचार करावा.

तिसरा प्रश्न मात्र खरा होता आणि तो एका तरुण जोडप्याने विचारला. "बाई, तुमचं पटतंय. पण गाड्या लावायच्या कुठे?" चौदा गेटं, प्रत्येकी आठ मीटर, म्हणजे एकशे बारा मीटर रस्ता. एका गाडीला पाच मीटर धरले तर बावीस गाड्यांची जागा गेली. हे थोडं नाही. त्या दोघांनी कर्ज काढून गाडी घेतलीय, आई डायलिसिसला जाते, आठवड्यातून तीनदा. त्यांना 'रिक्षाने जा' म्हणणं मला जमलं नाही आणि आताही जमत नाही. इथे माझ्यापाशी पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे. नातवाने रविवारी गल्लीतल्या गाड्यांच्या चाकांवर खडूने बारीक खूण केली होती. पुढच्या रविवारी नऊ गाड्यांची खूण जशीच्या तशी रस्त्याला टेकलेली होती. नऊ गाड्या आठवडाभर हलल्याच नव्हत्या. त्यांतली एक आमची. तेव्हा जागा कमी करायची तर ती आधी या नऊ जणांची करा, डायलिसिसवाल्यांची नको. आणि मोकळ्या ठेवलेल्या तुकड्यात सायकली लावायला हरकत नाही. सायकलीच्या आरपार दिसतं.

चौथा मुद्दा सोसायटीच्या चेअरमननी मांडला, ते बँकेतून निवृत्त झालेत. "आपण जागा मोकळी ठेवू, आणि बाहेरचा कुणीतरी येऊन तिथे गाडी लावून जाईल." याला सभेत टाळ्या मिळाल्या. कारण हे सगळ्यांनी अनुभवलंय. मग उपायही लगेच निघाले: कुंड्या ठेवू, सिमेंट भरलेले डबे ठेवू, साखळी लावू. म्हणजे आमच्या गल्लीत आणखी दहा-बारा ठिकाणी तुटक्या कुंड्या येणार. मला हे मान्य नाही. रस्ता आपला नाही. गेटच्या आतली फरशी आपली, बाहेरचा रस्ता महापालिकेचा, म्हणजे त्यावर मावशींचा जेवढा हक्क तेवढाच आपला. कुंड्या ठेवून ती जागा अडवली की महिन्याभरात तीच जागा 'आमच्या पाहुण्यांसाठी राखीव' होते, हे मी तीन गेटांवर पाहिलेलं आहे. कुंडी उचलायची, पाहुण्याची गाडी लावायची, कुंडी परत ठेवायची. नजर होती तिथेच अडलेली.

गाड्या कुठे लावता येतील हे ठरवायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या ११७ व्या कलमाने राज्य सरकारकडे, किंवा सरकार नेमेल त्या अधिकाऱ्याकडे आहे, तोही महापालिकेसारख्या संस्थेचा सल्ला घेऊन. म्हणजे काम अर्ज करूनच होणार, कुंडीने नाही. पट्टे रंगवून द्या, गेटच्या उजवीकडे पाच मीटर आणि डावीकडे तीन, एवढंच मागायचं. पैसे असतील तर त्याहून चांगलं म्हणजे तेवढ्या तुकड्यात फुटपाथच लावलेल्या गाड्यांच्या कडेपर्यंत पुढे आणायचा. जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद करून गाड्यांसाठी मध्ये मध्ये खाचे ठेवलेत, ते बघितल्यावर मला हे सुचलं. जिथे दगडाची कड आहे तिथे पाटी लागत नाही, 'लाऊ' की 'लावू' हा प्रश्नच मिटतो. २०१८ साली महापालिकेने पार्किंगचं धोरण मंजूर केलं तेव्हा घरोघरी भांडणं झाली, पण माझ्या कानावर आली ती सगळी ताशी किती रुपये यावरची. कुणाची नजर कुठे अडते यावर कुणी वाद घातलेला मी तरी ऐकला नाही.

बैठकीच्या शेवटी कुणीतरी म्हणालं, आणि मी त्याची वाटच पाहत होते, "बाई, आधी तुमची गाडी काढा की."

हे शेजारी बसले होते. काही बोलले नाहीत. घरी येऊन जेवताना म्हणाले, "गाडी उभी आहे. उभ्या गाडीने कुणाचं मनगट मोडत नाही." मीही काही बोलले नाही. पन्नास वर्षांच्या संसारात काही वाक्यांना उत्तर न देणं शिकलेय. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. प्लास्टर होतंच. पोळ्यांसाठी नाही, पगार घ्यायला आल्या होत्या. डाव्या हाताने पैसे घेतले, मोजता येईनात म्हणून ह्यांनी मोजून त्यांच्या पिशवीत ठेवले. संध्याकाळी हे किल्ली घेऊन खाली गेले.

गाडी कुठे न्यायची हा पुढचा पेच. मागच्या गल्लीत जागा होती, पण ती कुणाच्या तरी गेटच्या उजव्या खांबाशेजारीच. ते स्वतःच म्हणाले, नको. शेवटी मैदानाच्या लांब भिंतीला, जिथे दार नाही, खिडकी नाही, अशी जागा मिळाली. घरापासून सात मिनिटं चालत. खिडकीतून दिसत नाही, सावली नाही. ह्यांना ते आवडलेलं नाही आणि ते तसं रोज बोलूनही दाखवतात. विकायचा विषय मी अजून काढलेला नाही.

आमच्या जाण्याने उजवा खांब मोकळा झाला तो बरोबर दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तिथे पांढरी मोठी गाडी आली, आमच्यापेक्षा हातभर उंच. चेअरमन म्हणाले होते तसंच. मी त्या गाडीच्या वायपरखाली चिठ्ठी ठेवली. हवा सोडायची धमकी नाही, फक्त काय दिसत नाही ते लिहिलं आणि नातवाचा त्रिकोण काढून दिला. गाडी चार दिवस तिथेच होती, मग एका सकाळी तीन मीटर मागे सरकलेली दिसली. पाच नाही, तीन. नातवाच्या त्रिकोणाने साडेसहा मीटर. काही नसण्यापेक्षा पुष्कळ.

क्षेत्रीय कार्यालयात आणि वाहतूक शाखेत अर्ज दिलेत, सोळांपैकी अकरा बिऱ्हाडांच्या सह्यांनिशी. डायलिसिसवाल्या जोडप्याने सही केली, ही गोष्ट मला विशेष वाटली. दोन्हीकडून पोच मिळाली आहे. एका ठिकाणी सांगितलं की हे दुसऱ्या ठिकाणचं काम आहे आणि दुसऱ्या ठिकाणी सांगितलं की पहिल्या. मी दर सोमवारी जाते. बसमध्ये बसायला जागा मिळते.

मावशींचं प्लास्टर निघालं. हात अजून थंडीत दुखतो. पोळ्या पूर्वीसारख्या गोल होत नाहीत असं त्या म्हणतात, आम्हाला काही फरक कळत नाही.

जाता जाता, घरच्या मंडळींना एक सूचना. यंदा गणपतीला याल तेव्हा गेटच्या उजवीकडची जागा रिकामी दिसेल. 'अरे वा, मावशीच्या दारातच जागा मिळाली' म्हणून तिथे गाडी लावू नका. मैदानाच्या भिंतीशी लावा, आमच्या गाडीच्या मागे. हे घ्यायला येतील, तेवढंच त्यांचं गाडीकडेही एकदा बघून होईल.